कोण, केव्हा, किती

मिस्त्रीने पॅसेजमधली डबी भिंतीवरून उपटली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली आणि विचारलं, "बाई, ही कशाला जोडलेली होती?" सिस्टरच्या हातात चहाचा ट्रे होता. तिने भिंतीकडे पाहिलं. डबी गेली त्या जागी एक चौकोन उरला होता, आजूबाजूच्या रंगापेक्षा चांगलाच उजळ. त्यात स्क्रूची दोन भोकं, भोकांत लाकडाच्या खुंट्या, आणि संपलं. तार नव्हती. तार आत शिरेल असं तिसरं भोकही नव्हतं. मिस्त्रीने खात्रीसाठी छिन्नी लावून गिलावा खरवडला, वीतभर वर, वीतभर खाली, तर आत नुसत्या विटा, एकमेकींना चिकटून निवांत बसलेल्या. सिस्टर म्हणाली, घराच्या हवेचं सगळं हीच तर बघायची. मिस्त्री सभ्य माणूस, तो हसला नाही. त्याने डबी खिडकीत ठेवली, चहाचा कप उचलला, चहा चांगला झालाय म्हणाला आणि पुढच्या भिंतीकडे वळला. सिस्टर मात्र ट्रे पोटाशी धरून तिथेच उभी राहिली, आणि तिच्या मनात सगळ्यात आधी आलं ते एवढंच की हे आता सरांना सांगायचं कसं.

सर म्हणजे तिचा नवरा. पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालेला, आणि गल्लीत, बँकेत, दवाखान्यात, इतकंच काय सासुरवाडीतही सर म्हणूनच ओळखला जाणारा. ती सिस्टर, कारण तिने जवळजवळ तितकीच वर्षं इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात काढली होती. दिवस भरायच्या आत जन्मलेली, दोन तळहातांत मावतील अशी पोरं काचेच्या पेटीत ठेवायची आणि त्यांचं अंग साडेछत्तीस अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. म्हणजे बघा, एक उष्णता शिकवणारा आणि एक उष्णता राखणारी, आणि दोघांच्या मध्ये पॅसेजमधली ती डबी. डबीला चकती होती, चकतीवर आकडे, सोळापासून तीसपर्यंत. माळ्यावर एक जुनं धूड यंत्र होतं. ते थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार हवा घरभर सोडायचं, आणि किती गरम, किती गार हे त्याला डबी सांगायची, अशी सगळ्यांची समजूत. सरांना कायम उकडायचं. सिस्टरला कायम थंडी वाजायची. सर शाळेतून आले की जोडे काढायच्या आधी चकती वीसवर. ती ड्यूटीवरून आली की पर्स ठेवायच्या आधी पंचवीसवर. चकतीच्या आत धातूची पट्टी होती, फिरवली की कट्ट आवाज करायची, आणि तो कट्ट घरात कुठेही ऐकू यायचा, न्हाणीघरात डोक्यावर पाणी ओतत असलं तरी. मग सुरू. तुम्हाला माणसात राहायचंय की बर्फात, असं ती विचारायची. मला कोणी उबवणार नाहीये, मी काय अंडं आहे का, असं ते म्हणायचे. लेक नऊ वर्षांची असताना तिने वैतागून नियम केला की चोरून फिरवायचं नाही, जो फिरवेल त्याने मोठ्याने सांगायचं. तेव्हापासून दिवसातून चारचारदा घरात 'फिरवतोय' आणि 'फिरवतेय' अशा आरोळ्या उठायच्या आणि पाहुणे दचकून इकडेतिकडे बघायचे.

आणि गंमत अशी की अंग ऐकायचं. नुसता कट्ट कानावर आला की सिस्टरच्या खांद्यांवरून थंडी खाली उतरायची, खरीखुरी, दंडावर काटा आणणारी. पाचव्या मिनिटाला ती शाल घेऊन बसायची. पंचवीस झालं की सर सदऱ्याची वरची दोन बटणं सोडायचे, कपाळ पुसायचे आणि रुमाल ओला व्हायचा. तिने तो रुमाल धुतला होता, तिला माहीत होतं. घरात तापमापक तीन होते. एक सरांच्या प्रयोगाच्या पेटीत, एक तिच्या पर्समध्ये, एक कुठल्याशा दुकानदाराने कॅलेंडरात चिकटवून फुकट दिलेला. एकोणीस वर्षांत दोघांपैकी एकालाही त्यातला एक उचलून दिवाणखान्यात धरावासा वाटला नाही. सरांचा विश्वास चकतीवर, तिचा कातडीवर. तिला तर घरात मोजमाप नकोच असायचं. दिवसभर वॉर्डात दर तासाला आकडे लिहून हात भरून यायचे, निदान घरी तरी नुसतं वाटू द्यावं असं तिला वाटायचं. वाटण्यावर भरवसा ठेवून जी बाई एकोणीस वर्षं भांडली, तिच्या वाटण्यामागे विटा निघाल्या. ट्रे ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, नळाखाली हात धरला आणि पाणी गार आहे की कोमट, याचा बराच वेळ विचार करत राहिली.

सर दुपारी टाइल्सच्या दुकानातून परत आले. तिने त्यांना बसू दिलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. सर म्हणाले, अशक्य आहे. मग उठून पॅसेजमध्ये गेले, चौकोनात बोटं फिरवली, विटा चाचपल्या, मिस्त्रीला दोन प्रश्न विचारले, आणि टॉर्च घेऊन शिडीने माळ्यावर चढले. सिस्टर खाली शिडी धरून उभी. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला की यंत्राच्या पोटावरच एक बटण आहे, ते बावीसवर आहे आणि त्याच्यावर बोटभर धूळ आहे. मग एकेक गोष्ट आठवत गेली. एकोणीस वर्षांपूर्वी रंगकाम काढलं तेव्हा डबी दिवाणखान्यातून पॅसेजमध्ये हलवली होती. ज्या वायरमनने हलवली त्याने जुनी तार कापली, नवी ओढायचा कंटाळा केला, आणि डबी मात्र अगदी लेव्हल लावून सरळ बसवून दिली होती. सरांनी त्याच्या सरळपणाचं कौतुकही केलं होतं. तेव्हापासून घर बावीसवर होतं. हिवाळ्यात बावीस, उन्हाळ्यात बावीस, भांडणाच्या दिवशी बावीस आणि अबोल्याच्या दिवशीही बावीस. सिस्टरला हसू फुटलं ते शिडी धरलेली असतानाच. शिडी हलायला लागली, सर वरून शिडी, शिडी म्हणून ओरडायला लागले, तसं तिला आणखीनच आवरेना. तिने लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. ऑफिसात होती, आधी हळू हसली, मग उठून जिन्यात गेली आणि तिथे मोठमोठ्याने हसली, आणि शेवटी म्हणाली, आई, मला तो कट्ट ऐकल्याशिवाय झोप यायची नाही गं, वाटायचं, चला, दोघं घरी आलीत. सर माळ्यावरून उतरले तेव्हा त्यांच्या भुवयांवर धूळ होती. ते हसले नाहीत. हात धुवून खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत पेपराचं एकच पान वाचत राहिले. सिस्टरला वाटलं, मास्तरांचा पराभव झालाय, दोन दिवसांत उतरेल.

घराचं काम मोठं होतं. वरचा मजला सगळा उघडा केला होता. छत काढलेलं, दोन खोल्यांमधली भिंत सरकवलेली, खिडक्या चौकटींसकट बाहेर. दोघांचा संसार खालच्या पुढच्या खोलीत गोळा झाला होता; पलंग, कपाट, शेगडी, सरांची पुस्तकं, सगळं एकमेकांच्या अंगावर. चालायला वाट म्हणजे एक वीतभर पट्टा, त्यात समोरून कोणी आलं की एकाने पलंगावर बसायचं. सिस्टरला निवृत्त होऊन सातच आठवडे झाले होते आणि कोणाला खरं वाटणार नाही, पण या पसाऱ्यात ती सुखात होती. सकाळी चहा घेऊन ती वर जायची. जिथे खिडक्या होत्या तिथे आता नुसतं आकाश असायचं, आणि इतकी वर्षं या घरात ऊन कुठून कुठे जातं हे आपल्याला माहीतच नव्हतं याची तिला मौज वाटायची. ओल्या सिमेंटचा वास तिला आवडायला लागला होता. कामगार यायच्या आधीची ती अर्ध्या तासाची शांतता, पायाखाली किरकिरणारी रेती, लोखंडी सळीवर येऊन बसणारा एक आगाऊ पक्षी. पस्तीस वर्षं या वेळेला ती वॉर्डात शिरत होती. आता ती कोणाचंच काही मोजत नव्हती.

दोन दिवसांनी हवेवाली आली. खरं तर ती इंजिनिअर. पण घराची गरम-गार हवा बसवून देणारी म्हणून मिस्त्रीने तिला हवेवाली म्हटलं आणि तेच नाव पडलं. पस्तिशीच्या आतली, कमरेला टेप, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणं भराभर. तिने डबीची गोष्ट ऐकली आणि सांगितलं की असं तिने पाहिलंय, तुम्ही पहिलीच माणसं नाही. मात्र एक सर आणि एक सिस्टर असं मी पहिल्यांदाच बघतेय. मग तिने नकाशा पसरला. नव्या घरात यंत्र एकच राहील, पण त्याच्या हवेच्या डक्टना झडपा असतील, आणि घराचे चार भाग पडतील, चार झोन. प्रत्येक झोनला आपली स्वतःची डबी. एका झोनमध्ये पंचवीस असलं तरी शेजारच्या झोनमध्ये खुशाल वीस राहील, झडप आपापली उघडेल, आपापली मिटेल. आणि या डब्यांना तार असेल, ती मी स्वतः ओढणार, असं म्हणून ती हसली. फक्त कुठल्या खोलीचा झोन कुठला, ते बुधवारी संध्याकाळपर्यंत ठरायला हवं, कारण गुरुवारी सकाळी छत बंद होणार. त्यानंतर मन बदललं तर छत फोडावं लागेल. तिने एक कागद काढून दिला. त्यात रकाने होते: खोली, कोण, केव्हा, किती. प्रत्येक खोलीपुढे लिहायचं की तिथे कोण असतं, केव्हा असतं आणि त्याला किती डिग्री लागतात. एवढं मला द्या, बाकी माझ्यावर सोडा, असं सांगून हवेवाली टेप गुंडाळत गेली.

सिस्टरने तो कागद जेवणानंतर पुढ्यात घेतला. स्वयंपाकघर: मी, सकाळ आणि संध्याकाळ. इथपर्यंत सोपं. किती? पेन थांबलं. बाळांचं विचारा. किलोभराच्या पोराला पेटीत किती लागतं, दीड किलोच्या पोराला किती, कपडे घातलेलं असेल तर किती, उघडं असेल तर किती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. तापमापकातला पारा चढायच्या आधी तिला मानेमागे दोन बोटं ठेवून कळायचं. नव्या नर्स पैज लावायच्या आणि हरायच्या. पण हिला, या साठीला टेकलेल्या बाईला किती लागतं? ती म्हणत होती पंचवीस. आयुष्यभर म्हणत होती. मग बावीसमध्ये इतकी वर्षं राहिली कशी, आणि कट्ट ऐकून ऊब आली ती कुठून आली? ती उठून खोल्याखोल्यांतून फिरली. खालच्या न्हाणीघरात उभी राहिली, जिन्यात उभी राहिली, वर उघड्या मजल्यावर वाऱ्यात उभी राहिली, डोळे मिटून अंगाला विचारत. अंग काही बोलेना. पावलं गार आहेत, एवढंच तिला खात्रीने सांगता आलं असतं. माणसाला आपली भूक कळते, झोप कळते, मग हे का नाही, आणि हे कळत नसेल तर आणखी काय काय आपण नुसतं आवाजावरून ठरवलं असेल, असे भलते विचार तिच्या डोक्यात यायला लागले. सरांवर आपण रागावलो ते खरं होतं का? लाड झाले ते खरे होते का? शेवटी तिने स्वतःला दटावलं, कागद टेबलावर ठेवला आणि भांडी घासायला गेली.

मंगळवारी सकाळी कागद भरलेला होता. सरांचं अक्षर, फळ्यावर असायचं तसं, एकही खाडाखोड नाही. सिस्टर चष्मा लावून वाचत गेली. स्वयंपाकघर, दिवाणखाना, सगळं रीतसर. मग वरचा मजला. पूर्वेची खोली, सिस्टर, रात्री, पंचवीस. पश्चिमेची खोली, मी, रात्री, वीस. तिने पुन्हा वाचलं. नकाशात पूर्वेची खोली झोपायची होती आणि पश्चिमेची सरांच्या पुस्तकांची. लेक आली की तीही तिथेच झोपेल असं ठरलेलं. आता तिथे 'मी' होता आणि 'मी'च्या पुढे 'रात्री'. सर मागून आले आणि जरा घसा खाकरून म्हणाले, "एकदाचं तुला हवं तसं मिळेल." ती म्हणाली, अक्षर छान आलंय. मग ती दूध आणायला म्हणून बाहेर पडली आणि दुधाचं दुकान मागे टाकून पार पुलापर्यंत चालत गेली.

चालताना तिला पलंग आठवत होता. खालच्या खोलीतला, आत्ताचा, आणि त्याआधीचेही. लग्न झालं तेव्हाचा अरुंद, ज्यावर कूस बदलायची तर दोघांनी ठरवून बदलावी लागे. सरांचा एक पाय कायम पांघरुणाच्या बाहेर, भर थंडीतही, जणू बाहेर काय चाललंय याची खबर काढायला ठेवलेला. तिची पावलं कायम गार, आणि ती पावलं ती सरांच्या पोटरीला लावायची. सर दरवेळी दचकायचे. दरवेळी म्हणायचे, बाप रे. एकतीस वर्षांत त्यांनी पाय मागे घेतला नव्हता. सकाळी उठल्यावर तिची बाजू शालीसकट गुंडाळलेली आणि त्यांची बाजू उघडी, मधे चादरीवर कोणी आखल्यासारखी एक रेघ. हे सगळं आता दोन खोल्यांत वाटलं जाणार होतं. तिच्या बाजूला पंचवीस, त्यांच्या बाजूला वीस, आणि मधे नवी विटांची भिंत. लोक म्हातारपणी वेगळे झोपतातच, घोरणं असतं, खोकला असतो, तिच्या मैत्रिणी तर बिनधास्त सांगायच्या की बाई, सुटले. सरांनाही सुटायचं असेल. एकतीस वर्षांत कोणाच्या तरी गार पायांना बाप रे म्हणून माणूस थकत असेल. ते असं तोंडावर कधी म्हणणार नाहीत. ते कागदावर, नीट अक्षरात लिहितील. पुलावर उभं राहून तिने खाली पाणी पाहिलं आणि तिला रडू आलं, आणि रडतानाही तिला कळत होतं की ऊन छान आहे, हवेत गारवा आहे आणि आपल्याला नेमकी किती डिग्री थंडी वाजतेय ते अजूनही सांगता येत नाहीये. शेवटी ती दूध न घेताच घरी आली. सरांनी विचारलं, दूध? ती म्हणाली, संपलं होतं.

बुधवारी दुपारपर्यंत डक्ट वर चढले. पत्र्याचे चौकोनी बोगदे छताच्या सांगाड्याला टांगले गेले; कामगार पत्रा वाकवायचे तेव्हा आख्ख्या घरात गडगडाट व्हायचा. सिस्टर जिन्यात बसून बघत होती. सर हवेवालीबरोबर वर पश्चिमेच्या खोलीत होते, हवेवालीच्या हातात तो कागद होता, आणि एक कामगार पश्चिमेकडे जाणाऱ्या फाट्यावर झडप बसवण्यासाठी पत्र्यावर खडूने खूण करत होता. सिस्टरला कुठून कोण जाणे वॉर्डातली ती जुळी आठवली. त्या आठवड्यात पेट्या कमी पडल्या होत्या, तेव्हा तिने दोन्ही पोरं उघडी करून आईच्या उघड्या छातीवर ठेवली होती, एक डावीकडे, एक उजवीकडे, वरून एकच चादर. डावीकडचं पोर गार पडलेलं, उजवीकडचं जरा तापलेलं. तासाभराने तिने आईच्या कातडीला दोन्हीकडे तापमापक लावला, आणि डावी बाजू उजवीपेक्षा गरम होती. बाई झोपलेली होती, तिला काही पत्ता नव्हता. तिचं अंगच ज्याला जेवढं हवं तेवढं देत होतं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुमचा तापमापक बिघडलाय. तिने दुसरा लावून दाखवला, मग तिसरा. संध्याकाळी दोन्ही पोरं साडेछत्तीस. घरी आल्यावर ती सरांना हे सांगत बसली होती, जेवण गार होईपर्यंत, आणि सर घास हातात धरून ऐकत राहिले होते. ती जिन्यातून उठली. गुडघा वाजला, तिने लक्ष दिलं नाही.

ती वर गेली आणि कामगाराला म्हणाली, जरा थांब रे. मग सरांकडे वळली. हवेवालीसमोर बोलावं की नाही, असा विचार एरवी तिने शंभरदा केला असता.

"मला वेगळी खोली नको," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला. हवेवाली नकाशात डोकं घालून काहीतरी शोधायला लागली.

"अगं, पण तुझ्यासाठीच तर," सर म्हणाले. मग थोडं थांबून, वर्गात कोणी विचारलेल्या अवघड प्रश्नाला द्यावं तसं, एकेक शब्द मांडून त्यांनी उत्तर दिलं. "बावीस होतं. सगळी वर्षं. म्हणजे तू पंचवीस करायचीस तेव्हा काहीच गरम होत नव्हतं. तू गारठून बसायचीस आणि मी म्हणायचो, पंचवीस केलंय ना आता, मग कुरकुर कसली. एकोणीस हिवाळे. मला हे कळायला हवं होतं. माझा तर विषयच आहे."

असं होतं तर. चार दिवस हा माणूस पेपराच्या एकाच पानाआड हेच मोजत बसला होता. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही यायला लागलं, दोन्ही एकदम, आणि तिने दोन्हींना येऊ दिलं.

"मी गारठले नव्हते," ती म्हणाली. "पंचवीस केलं की मला ऊब यायची."

"कुठून येईल? तारच नव्हती."

"तुम्हाला उकडत असायचं, तरी तुम्ही मला फिरवू द्यायचात. तिथून."

सरांनी चष्मा सदऱ्याला पुसायला घेतला. सदऱ्यावर सिमेंट होतं, चष्मा आणखी मळला, तरी ते पुसत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं, तुला सुटायचं असेल." तीही म्हणाली, मलाही तुमच्याबद्दल हेच वाटलं, म्हणून तर काल दूध आणलं नाही. सरांना दुधाचा आणि याचा संबंध लागला नाही, पण त्यांनी मान डोलावली. खडूवाला कामगार एकदा सरांकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. खाली कोणीतरी पत्रा टाकला, घरभर गडगडाट झाला आणि विरला.

हवेवालीने नकाशातून डोकं वर काढलं. तिने कामाचं विचारलं, आणि तेच बरं केलं. पूर्वेच्या खोलीत दोघं झोपणार, एकाला गरम लागतं, एकाला गार, मग करायचं काय? सिस्टरने विचारलं, पलंगाच्या दोन्ही बाजूंना वेगळी वेगळी हवा सोडता येईल का, दोन झडपा, दोन डब्या. हवेवाली म्हणाली, "काकू, सोडता येईल, पण उपयोग नाही. एका खोलीत दोन झोन होत नाहीत. हवा मिसळते."

"मिसळू दे," सिस्टर म्हणाली.

सर एकदम हसले. चार दिवसांत पहिल्यांदा, पोट धरून, सदऱ्यावरच्या सिमेंटसकट, आणि हसता हसताच हवेवालीला सांगायला लागले की ही म्हणते ते शंभर टक्के बरोबर आहे, गरम हवा, गार हवा, मधे पडदा नसेल तर मिसळतेच, मी पस्तीस वर्षं हेच शिकवलंय. हवेवालीने हात टेकले. एकच झडप बसवते, एकच डबी, असं म्हणून तिने केसांतली पेन्सिल काढली आणि कामगाराला पश्चिमेची खडूची खूण पुसायला सांगितलं. त्या खोलीत पुस्तकंच राहतील, पुस्तकांना काही थंडी वाजत नाही. मग कागद गुडघ्यावर घेऊन तिने वरच्या मजल्याच्या दोन्ही ओळी खोडल्या आणि खाली नवी ओळ सुरू केली. पूर्वेची खोली. कोण? "लिहा, दोघं," सर म्हणाले. केव्हा? रात्री. आणि किती?

"चोवीस," सिस्टर म्हणाली. आकडा तिच्या तोंडून कसा निघाला ते तिलाही कळलं नाही. पंचवीस नाही, बावीस नाही, चोवीस, अंगातून थेट बाहेर आल्यासारखा, आणि तो खरा होता. तिला इतका आनंद झाला की ती पुन्हा म्हणाली, "चोवीस."

"एकवीस," सर त्याच वेळी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सिस्टरने पदर खोचला. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. हवेवालीने एकदा घड्याळ पाहिलं, पेन्सिल पुन्हा केसांत खोचली आणि शेजारच्या सिमेंटच्या पोत्यावर नीट मांडी घालून बसली.